बाळ कुठून येतं, याचा ठराव

तन्वी, ईशान,

गेल्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला होता. ईशानच्या शाळेत बाळ कुठून येतं ते चित्रं दाखवून शिकवलं, आणि तिला आधी विचारलं नाही. ती शाळेकडे लेखी तक्रार करणार आहे. तिने कागद हातात घेण्यापूर्वी तुम्हाला हे सांगून ठेवावं म्हणून आज लिहायला बसले. याच विषयावर लेखी काहीतरी करायला बसलेली मोठी माणसं मी एकदा फार जवळून पाहिली आहेत.

शनिवारची दुपार होती. साठचं दशक निम्मं सरलं होतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या मुलींच्या शाळेत समिती बसली होती, आणि नववीतल्या कुसुमला रस्टिकेट करायचं होतं. रस्टिकेट म्हणजे नाव कापून घरी पाठवणं. मग दुसरी शाळाही त्या मुलीला घेत नाही. कुसुमसाठी लांजीकडे एक स्थळ आधीच बघून ठेवलेलं होतं. नाव कापलं की पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

गुन्हा असा. मी तिथे इंग्रजी शिकवायचे आणि लायब्ररी सांभाळायचे. लायब्ररी म्हणजे दीड कपाट. उरलेल्या अर्ध्यात खडू आणि फिनेल. शिक्षण खात्याकडून वर्षातून एकदा पुस्तकांची पेटी यायची. त्या वर्षीच्या पेटीत लहान मुलांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक निघालं. कोणत्या देशात बाळाला कसं वाढवतात, कोणी पाठीला बांधतं, कोणी कोटाच्या टोपीत ठेवतं, कुठे बाई बाळंत होते आणि बाप खाटेवर पडून कण्हतो, असं सगळं. मधली काही पानं मात्र बाळ पोटात कसं वाढतं यावर होती. चित्रांसकट.

मी पुस्तक वाचलं, शिक्का मारला आणि कपाटात लावलं. कुसुमने मागितलं तेव्हा इश्यू केलं, म्हणजे तिच्या नावावर लिहून दिलं. त्या कपाटातली इंग्रजी पुस्तकं आपणहून मागणारी ती एकटीच.

शाळेच्या हॉस्टेलमध्ये त्या आठवड्यात या विषयावर मुलींचं भांडण झालं होतं. हट्टा गावच्या मुलीला घरी सांगितलेलं, की लेकरं तिथल्या बावडीतून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतून काढतात. दुसरीचा भाऊ गोंदियाच्या बाजारातून आणलेला. तिसरीच्या मते सुईण पदराखाली घेऊन येते. विलायतेत हेच काम एका लांब चोचीच्या पक्ष्याकडे असतं, असं पुस्तकात दिलंच होतं. थापा सगळीकडे आहेत, फक्त वाहन बदलतं.

कुसुमने डिक्शनरी घेतली, ती मधली पानं आपल्या बोलीत उतरवली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर खोलीत वाचून दाखवली. मुली इतक्या गप्प बसल्या की वॉर्डनला संशय आला. हॉस्टेलमध्ये तशी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. ती आत आली, चित्र पाहिलं, आणि किंचाळून पुस्तक जप्त केलं.

समितीत तिघं. अध्यक्ष वकीलसाहेब, मराठी माणूस, कोर्टात खुनाचे खटले चालवणारे. दुसरे राइस मिलवाले सेठजी, ज्यांच्या घरी पाळणा कधी रिकामा राहिला नव्हता. तिसऱ्या आमच्या हेडमिस्ट्रेस, त्यांना सगळे बडी बहनजी म्हणत, बाकी आम्हा शिक्षिकांना नुसतं बहनजी. माझं अक्षर चांगलं, म्हणून मिनिट्स लिहायला मी. मिनिट्स म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याची नोंद. तिची एक नक्कल खात्याकडे जायची.

वीस मुलींनी ऐकलं होतं. त्यांना समज देऊन सोडायचं ठरलं. नाव फक्त कुसुमचं कापायचं. ती हॉस्टेलमधली एकुलती एक बौद्ध घरची मुलगी होती, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही. न बोलण्यात सगळे तरबेज होते.

कुसुमचे वडील, शामराव, लांजीच्या बसने आले होते. त्यांना व्हरांड्यातून आत बोलावलं. त्यांनी "जयभीम जी" म्हणून हात जोडले. वकीलसाहेबांना नेमके तेव्हाच समोरचे कागद सरळ करायचे होते.

"तुमच्या मुलीने नको ते वाचलं."

"काय वाचलं जी?"

"ते सांगण्यासारखं नाही."

"मंग मले कसं समजन?"

"अरे भाई, लड़की ले जाओ, बात खतम," सेठजी म्हणाले.

शामराव जागचे हलले नाहीत. "नेतो ना जी. पण कागदावर लिहून द्या, काय केलं तिनं. गावात लोक विचारतीन, पोरीले काहून काढलं? मी काय सांगू? काईच नाई सांगितलं तं लोक आपल्या मनानं भलतंच सांगतीन. लिहून देल्याबिगर मी नाई जात."

त्यांचं बरोबर होतं. कारण न देता घरी आलेल्या मुलीला गाव स्वतःच कारण देतं, आणि ते पुस्तकात वाचल्याचं कधीच नसतं.

"ठीक आहे, लिहा बहनजी," वकीलसाहेब मला म्हणाले. "सदर विद्यार्थिनीने शाळेत अश्लील पुस्तक आणून वाचले, सबब..."

"साहेब, पुस्तक तिने आणलेलं नाही. खात्याच्या पेटीतून आलंय. अश्लील लिहिलं तर खात्याने अश्लील पुस्तक पाठवलं असं होईल. आणि नक्कल खात्याकडेच जाते."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. शाळेची ग्रँट त्याच खात्याकडून यायची. "बरं. अनुचित मजकूर वाचला, असं लिहा."

"कोणता मजकूर, ते लिहावं लागेल."

"का?"

"नियम आहे."

असा नियम होता की नाही, आज मला आठवत नाही. त्या दुपारी होता.

"तो विषय लिहा ना," वकीलसाहेब म्हणाले.

"सांगा साहेब, लिहिते."

ते बडी बहनजींकडे बघू लागले. बडी बहनजी खिडकीकडे बघू लागल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि या विषयाची माहिती असणं हाच आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल, अशी त्यांना धास्ती होती. शेवटी सेठजी मदतीला धावले.

"अरे वही लिखो, बच्चे का।"

"बच्चे का क्या, सेठजी?"

"आने का।"

"कहाँ से आने का?"

सेठजी लाल झाले. "हमको क्या मालूम! वकीलसाब से पूछो।"

शामराव खाली मान घालून उभे होते. त्यांचे खांदे किंचित हलले. मला वाटलं रडताहेत. नंतर कळलं, हसू दाबत होते.

"मुलीलाच विचारा," वकीलसाहेबांनी शेवटचा डाव टाकला. "ती सांगेल ते लिहा."

कुसुम आली. दाराशीच उभी राहिली. का वाचलंस, असं मी विचारलं.

"माह्या बहिणीले दिवस गेलेत, बहनजी," ती म्हणाली. "तिचं पयलं लेकरू गेलं. आत्या म्हणे, नजर लागली. मले पाहाचं होतं, आत कसं असते ते. मी बाकीच्यायलेही वाचून दाखवलं. कोनते महिन्यात काय होते, ते समदं सांगू का?"

"नको!" तिघंही एकदम म्हणाले. त्या दुपारचं हे पहिलं एकमत.

मी पेन धरून वाट पाहत राहिले. वकीलसाहेबांनी समोरचे कागद गोळा केले. मग म्हणाले, विषय तूर्त तहकूब. पण काहीच न ठरवता उठणं समितीला शोभत नाही. म्हणून त्यांनी वेगळा ठराव सांगितला, आणि तो मात्र भराभर सांगितला: यापुढे शाळेत येणारं प्रत्येक इंग्रजी पुस्तक समितीने वाचल्याशिवाय मुलींना देऊ नये.

मी तो शब्दशः लिहिला. नाव कापायचं राहून गेलं आणि कुसुम हॉस्टेलमध्ये परतली. शामरावांनी मला नुसती मान हलवून निरोप दिला आणि लांजीची बस गाठायला निघाले.

ठरावाप्रमाणे ते पुस्तक पहिल्यांदा वकीलसाहेबांकडे तपासणीला गेलं. महिनाभर तपासलं. मग सेठजींनी नेलं. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तपासणीत त्यांनी कसूर केली नाही. काही दिवसांनी त्यांच्या घरून माणूस आला: सेठानीजींनी विचारलंय, ज्या मुलीने वाचून दाखवलं ती रविवारी येऊ शकेल का? कुसुम गेली. मीही सोबत गेले. तिला बसायला ओसरीवर वेगळी चटई टाकली होती. वाचन सुरू झाल्यावर घरातल्या सगळ्या सुना हळूहळू सरकत त्याच चटईपर्यंत आल्या. नवरा खाटेवर पडून कण्हतो ते पान सेठानीजींनी परत वाचायला लावलं.

पुढच्या वर्षीच्या पेटीत कोंबडीपालन, भूमिती आणि इंग्रजी व्याकरण आलं. ती मी नियमाप्रमाणे समितीकडे पाठवली. तपासायला कोणीही पुढे आलं नाही, म्हणून थेट कपाटात लावली.

कुसुमच्या बहिणीला मुलगा झाला आणि जगला. त्यात पुस्तकापेक्षा सरकारी दवाखान्याचा वाटा मोठा. कुसुम हायर सेकंडरी झाली. मग तिचं लग्न झालं, पण ते दुसऱ्या स्थळाशी, आणि तिला विचारून.

माझ्या नोकरीने मला शिकवलं ते एवढंच. जे बोलायला माणसं लाजतात, ते त्यांना लिहायला सांगावं. पुष्कळ शिक्षा तिथेच गळून पडतात. तुमच्या आईलाही म्हणावं, तक्रार जरूर कर, फक्त कोणत्या वाक्याबद्दल आहे तेवढं स्पष्ट लिही.

हॉस्टेल आता नाही. पुस्तक वाळवीने खाल्लं. समितीतले तिघंही गेले. इंग्रजी पुस्तकं आधी वाचून बघण्याचा ठराव कोणी रद्द केलेला नाही, तो अजून लागू आहे.

तुमची,
आजी