दुकान बंद, गाडी चालू

"अहो तांबोळीबाई, झोप काय कोणी मुद्दाम काढतं? ती लागते. यात माझा गुन्हा काय?"

मुकुंदराव जामिनाचे कागद मांडीवर घेऊन माझ्या ऑफिसात बसले होते. वय बासष्ट. बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान. आदल्या आठवड्यात ते खडकीला भाच्याच्या साखरपुड्याला गेले, श्रीखंड-पुरी जेवले आणि दुपारी दोनला स्वतः गाडी चालवत परत निघाले. वाटेत डोळा लागला. रस्त्याच्या कडेने साळुंखे नावाचे गृहस्थ सायकलवरून चालले होते. गाडी त्यांच्यावर गेली. ते जागीच गेले.

मी त्यांना समजावलं. झोप लागणं हा गुन्हा नाही. कायदा बघतो ती त्याआधीची पाच-दहा मिनिटं. डोळे जड होताहेत हे कळत असूनही गाडी चालवत राहणं म्हणजे निष्काळजीपणा. त्यात कोणी दगावलं तर पूर्वी जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. नव्या न्याय संहितेत पाच.

"पण माझी दुपारची झोप आजची नाही, तीस वर्षांची आहे! पुरावा देतो."

आणि मोठ्या अभिमानाने त्यांनी मोबाईलवर दुकानाच्या पाटीचा फोटो दाखवला. 'दुकान दुपारी १ ते ४ बंद. या वेळेत मालकांना झोप आवरत नाही. बेल वाजवू नये.'

मी कपाळाला हात लावला. "मुकुंदराव, हा पुरावा आपला नाही. समोरच्यांचा आहे."

"मग पाटी काढून टाकतो."

"हात लावू नका. पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक कलम लागेल."

"म्हणजे ठेवली तरी अडकणार, काढली तरी अडकणार?"

"लिहायलाच नको होती."

पाटी गुप्त राहण्याची शक्यता नव्हतीच. सरकारी वकील कधीकाळी बिघडलेला रिमोट घेऊन त्याच पाटीपुढून परत फिरले होते. पुण्यातलं गिऱ्हाईक दुकान बदलतं, पण अपमान विसरत नाही. आरोपपत्रात पाटीचा फोटो आला आणि त्याच्यासोबत सदोष मनुष्यवधाचं कलमही आलं. म्हणजे मारायचा हेतू नव्हता, पण आपल्या हातून कोणी मरू शकतं याची जाणीव होती. याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आता मलाही थट्टा सुचेना.

सेशन्स कोर्टात सरकारी वकिलांनी पाटी खणखणीत आवाजात वाचली. मग मुकुंदरावांच्या बहिणीचा जबाब वाचला. साखरपुड्याच्या जेवणानंतर तिने भावासाठी आतल्या खोलीत गादी घालून ठेवली होती. पण स्वतःच्या उशीशिवाय झोप लागत नाही म्हणून हे निघाले.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "उशीसाठी?"

"सावरीच्या कापसाची आहे, साहेब," मुकुंदराव म्हणाले. मी त्यांची बाही ओढली.

माझा युक्तिवाद छोटा होता. झोप येईल हे माहीत असणं वेगळं आणि माणूस मरेल हे माहीत असणं वेगळं. पाटीवरून पहिली गोष्ट सिद्ध होते, दुसरी नाही. कोर्टाने तो मान्य केला. दहा वर्षांचं कलम गेलं. पाच वर्षांचं राहिलं आणि केस खालच्या कोर्टात आली.

मी खुशीत होते. कॉरिडॉरमध्ये मुकुंदरावांना पुढचा बेत सांगायला लागले. तुमचा डोळा लागताना कोणी पाहिलेलं नाही. सायकल अचानक गाडीपुढे आली का, तेही विचारता येईल. तेवढ्यात बाकावरून एक बाई उठून आमच्यापाशी आल्या. प्रत्येक तारखेला मागच्या रांगेत बसायच्या त्या. गेलेल्या साळुंख्यांच्या पत्नी, साळुंखेकाकू.

"एक विचारू का?" त्या मुकुंदरावांना म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "झोप येते म्हणून तुम्ही दुकान बंद ठेवता. मग गाडी का चालू ठेवलीत?"

मुकुंदराव पेठेतला माणूस. शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आयुष्यभराची सवय. त्यांनी साळुंखेकाकूंपुढे हात जोडले. मला माझ्या त्या बेताची लाज वाटली. वकिलाला असं वाटू नये म्हणतात, पण वाटली.

पुढच्या तारखेला मी फाईल उघडायच्या आत मुकुंदरावांनी गुन्हा कबूल केला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. माझे मुद्दे फाईलमध्येच राहिले.

या प्रकारच्या केसेसमध्ये अशील येऊन सांगतो, "मॅडम, कळलंच नाही." मी आता एकच विचारते, "शेवटची जांभई कुठे दिली होती?" ठिकाण आठवत असेल तर कळलेलं असतं.

मागच्या महिन्यात दुपारी अडीचला बुधवार पेठेतून जात होते. दुकान उघडं होतं. पाटी नव्हती, भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन होता. मुकुंदराव काउंटरमागे ताठ बसलेले.

"हल्ली दुपारी उघडं?" मी विचारलं.

"या वेळेला झोप येत नाही आता," ते म्हणाले. "गाडी विकली. उशी आहे अजून."