टकटकणारी डिस्क आणि अण्णांचा आवाज

"बंद करा, बंद करा!" असं मी स्वतःलाच ओरडले आणि वायर उपटली. टेबलावरची डिस्क हळूहळू थांबली.

"काय झालं म्याडम?" डिस्क घेऊन आलेल्या बालाजीनं विचारलं.

"अजून काही झालं नाही. पण ती अशीच वाजत राहिली तर आतलं सगळं जाईल. खरं सांगा, ही पडली होती का?"

"न्हाई."

"पाण्यात गेली? कुणी उघडली? पोरांनी खेळायला घेतली?"

"न्हाई हो. लई जपून ठेवली होती." एवढं बोलून तो छताच्या पंख्याकडं बघायला लागला.

नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली येतं ते बहुतेक काम डेटा रिकव्हरीचं, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधून आतला माल सुखरूप बाहेर काढायचा. डिस्क मेली तरी चालते, माल वाचला पाहिजे. गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे मला डिस्कच्या आधी कळतं. पंख्याकडं बघणारा माणूस तर हमखास खोटं बोलत असतो.

जुन्या हार्ड डिस्का बोलतात, हे एक बरं असतं. आत आरशासारख्या चकत्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकत असते. दांडीच्या टोकाला असतं ते हेड. तेच लिहितं, तेच वाचतं. चकती आणि हेड यांच्यात केसाएवढीही फट नसते. डिस्क ठणठणीत असेल तर आधी सूंऽऽ असा फिरण्याचा आवाज येतो, मग एकदा टक् होतं, मग उंदरानं कागद कुरतडावा तशी खरखर. ती खरखर म्हणजे वाचन चालू आहे. पण नुसतंच टक्, टक्, टक् चाललं असेल तर हेडला काही दिसत नाहीये, ते जाऊन कडेला आपटतंय आणि परत येतंय. त्यात हेड चकतीला घासलं की तिथला माल गेला, ब्रह्मदेवाच्या बापालाही परत मिळायचा नाही. आताच्या बिनचकतीच्या एसएसडी डिस्का मरताना चकार शब्द काढत नाहीत. एक दिवस उठत नाहीत, बस.

ही डिस्क टकटकत होती. आणि तिच्यात एका माणसाचा आवाज होता.

तो माणूस समोरच्या खुर्चीवर बसला होता. दिगंबरअण्णा, कंधारचे. गळ्याला पांढरा गमछा गुंडाळलेला. ऑटोला भोंगा बांधून गावोगाव पुकारा करत फिरायचं, हा त्यांचा धंदा. जत्रा, कुस्त्यांचा फड, पोलिओचा डोस, हरवलेलं पोरगं, निवडणूक, सगळं अण्णांच्या तोंडून तालुक्याला कळायचं. पुढं घशाला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

हे सगळं त्यांची मुलगी वर्षा सांगत होती. ती उमरीला शाळेत शिक्षिका आहे.

"म्याडम, ऑपरेशनपासून अण्णा कुणाकडं बघत न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. पाटी दिली, फेकून दिली. माझ्या ओळखीचा एक इंजिनियर हाय. तो म्हणतो, जुना आवाज नीट मिळाला तर मोबाईलमध्ये तसाच्या तसा बसवता येतो. टाईप केलं की मोबाईल अण्णांच्या आवाजात बोलंल."

"मग मोबाईलमध्ये असतील की रेकॉर्डिंग. लग्नाबिग्नाचे व्हिडिओ?"

"आमच्याकडं मोबाईल आला तवर आवाज बसला होता. घोगरा. आम्हाला वाटायचं, बोलून बोलून बसला असंल. खरा आवाज फक्त बालाजीदादाच्या डिस्कमध्ये हाय."

बालाजीचा कंधारला पुकाऱ्याचा छोटा स्टुडिओ होता. अण्णा माईकवर एकदा बोलायचे, हा कॉम्प्युटरमध्ये भरून कॅसेटवर, पुढं पेन ड्राईव्हवर द्यायचा. मग कॉम्प्युटर जळाला, धंदा मोबाईलनं खाल्ला. डिस्क तेवढी यानं काढून ठेवली.

मी सरळ सांगून टाकलं. मला गोड बोलता येत नाही, घरचेही हीच तक्रार करतात. "हे बघा, ही हेड गेल्याची टकटक आहे. माझ्याकडं इलाज नाही. पुण्याला लॅबमध्ये पाठवावी लागंल. तिथं धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात, हेड बदलतात. पण एवढ्या जुन्या मॉडेलचं हेड मिळालं तर. आशा फार धरू नका."

अण्णा उठले. मुलीला हातानंच 'चल' म्हणाले. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. असला चेहरा मला बघवत नाही. रडणारं गिऱ्हाईक परवडलं.

"बसा खाली!" मी जरा जोरातच बोलले. "मी आशा धरू नका म्हटलंय, घरी जा म्हटलं नाही."

अण्णा बसले. वर्षानं पदरानं घाम पुसला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत आमचा कूलर नुसताच घरघरत होता. मी आधी तो बंद केला. मला पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

खरं तर दुसऱ्यांदा चालू करणं हा जुगार होता. प्रत्येक टकटकीला हेड घासण्याची भीती. पण मघाशी मी घाईत वायर उपटली होती आणि एक गोष्ट मनाला खटकत होती. मी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक डिस्कच्या कडेवर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. मोटरसायकलचे मिस्त्री इंजिन असंच ऐकतात. "कुणी बोलू नका," म्हणाले आणि बटण दाबलं.

सूंऽऽ. टक्. टक्. मग थोडं थांबून, अगदी बारीक, खर्र. पुन्हा टक्.

लगेच बंद केलं. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मेलेल्या हेडची टकटक एका तालात असते. ही बेताल होती, आणि मध्येच ती खरखर होती. म्हणजे हेडला काहीतरी दिसत होतं. हेड जिवंत होतं, पण त्याचा निरोप बाहेर पोचत नव्हता.

डिस्कच्या पाठीवर एक हिरवी सर्किट प्लेट असते. आतल्या हेडच्या तारा बारीक पिनांनी त्या प्लेटच्या आतल्या बाजूला टेकलेल्या असतात. नुसत्या टेकलेल्या, सोल्डरचा डाग दिलेला नसतो. मी प्लेटचे स्क्रू काढले आणि ती उलटी केली.

आत लाल होतं. लाल आणि पिवळं. पिनांच्या जागी रंगाचे थर वाळून काळे पडले होते आणि एका कोपऱ्यात तांदळाचा दाणा चिकटला होता.

मी दाणा चिमट्यात धरून बालाजीच्या नाकापुढं नेला. "हे काय आहे?"

बालाजीचं तोंड एवढंसं झालं. "अक्षता."

"डिस्कमध्ये?"

"दसऱ्याला... खंडेनवमीला पूजा करतो की आपण अवजारांची. माझं अवजार तेच होतं म्याडम. मशीन गेलं, माईक गेला, ही तेवढी राहिली. पाटावर ठेवायचो. पाणी शिंपडायचो, हळदकुंकू लावायचो. दरसाल."

"आणि मला म्हणालात, जपून ठेवली!"

"जपूनच ठेवली होती की! देव्हाऱ्यात." त्याचे डोळे भरून आले. "येताना पुसून आणली. तुम्ही हसाल म्हणून सांगितलं न्हाई."

हसणार होते कशाला, मला संताप आला होता. ओलं हळदकुंकू प्लेटखाली झिरपून त्यानं तांबं खाल्लं होतं. पण या बाबाला बोलणार तरी काय? सगळ्या तालुक्यात अण्णांचा आवाज सांभाळणारा हा एकटाच निघाला होता, आणि त्यानंच तो जवळजवळ घालवला होता. त्याला ते माझ्याआधी कळलं होतं. तो अण्णांकडं बघायचं टाळत होता.

मी खोडरबर घेतलं. हसू नका, हे आमच्या धंद्यातलं मान्य हत्यार आहे. पिनांच्या जागा हळूहळू घासल्या, स्पिरिटनं पुसल्या. दोन ठिकाणी तांबं फार झिजलं होतं. प्लेट परत बसवली, डिस्क माझ्या मशीनला जोडली, बटण दाबलं.

सूंऽऽ. टक्. खर्र, खर्र, खर्रखर्र.

"ऐका!" मी ओरडले. वर्षानं अण्णांचा हात धरला.

अशा वेळी गिऱ्हाईक म्हणतं, लगेच उघडून दाखवा. दाखवायचं नसतं. आधी आख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवायची, बघायचं ते नंतर. पडद्यावर कॉपीची पट्टी पुढं सरकायला लागली. निम्म्याच्या जरा पुढं गेली असेल नसेल, पुन्हा टक् आलं. आणखी एक. पट्टी थांबली.

मी काही विचार केला नाही. खोडरबर प्लेटवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. टकटक थांबली, खरखर सुरू झाली. जरा सैल सोडलं, की टक्.

"म्हणजे काय?" वर्षानं घाबरून विचारलं.

"म्हणजे झिजलेल्या जागी पिना नीट टेकत नाहीत. कॉपी होईपर्यंत दाबून धरायचं."

"मी धरतो," बालाजी म्हणाला.

"अंगठा हलला तर बघा."

"तुटला तरी हलणार न्हाई."

त्यानं धरलं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण गडी हलला नाही. मी एका हातानं वर्तमानपत्रानं डिस्कला वारा घालत होते, दुसऱ्या हातानं जे भाग वाचता येत नसतील ते सोडून पुढं जा असं मशीनला सांगत होते. लाईट गेली. यूपीएस कुंई कुंई करायला लागला. त्याच्या बॅटरीवर माझा काडीचा भरवसा नव्हता. मी, देवधर्म फारसा न करणारी बाई, गुरुद्वाऱ्याच्या दिशेनं हात जोडून मोकळी झाले. लाईट आली. पट्टी शेवटाला टेकली.

"सोडा."

बालाजीचा अंगठा सरळ होईना.

फायलींची नावं म्हणजे नुसता गोंधळ. न्यू, न्यू टू, फायनल, खरं फायनल. मी एक लावली तर बँजो पार्टी. दुसरी लावली.

"कंधारच्या समस्त बंधू-भगिनींना कळविण्यात येतं होऽ, उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही! पाणी आजच भरून ठेवा, मागाहून आमच्या नावानं बोंबलू नका!"

काय आवाज होता! भरदार, खणखणीत, आणि त्यात हसू. रस्त्यावरचा एक माणूस वळून आत डोकावला. अण्णांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. त्यांचे ओठ हलत होते, रेकॉर्डिंगबरोबर, शब्दाला शब्द. मग त्यांनी बालाजीचा तो वाकडा अंगठा आपल्या मुठीत घेतला आणि रडायला लागले. गळ्यातून आवाज निघत नव्हता, नुसता श्वास निघत होता. आम्ही सगळेच रडलो. मीसुद्धा.

पुढं वर्षाचा फोन आला. इंजिनियरनं आवाज मोबाईलमध्ये बसवला होता.

"कसे आहेत अण्णा?" मी विचारलं.

"काय सांगू म्याडम, आईशी भांडून राहिलेत. वरणात मीठ जास्त झालं म्हणून. आई म्हणते, गप होते तेच बरं होतं. म्हणते आणि पुन्हा मुद्दाम जास्त मीठ टाकते!"

मागून भरदार आवाज आला, "फोन इकडं दे."

त्या दिवसापासून डिस्क पडली का, भिजली का, असं मी गिऱ्हाइकाला विचारत नाही. कुणी कबूल करत नाही. मी विचारते, "हिच्यासाठी चांगलं म्हणून काय काय केलंत?" मग लोक भडाभडा सांगतात. कुणी ऊन दाखवलेलं असतं, कुणी फ्रिजमध्ये ठेवलेली असते, कुणी तेल घातलेलं असतं. जिवापाड जपलेल्या वस्तूची एक कॉपी काढून ठेवावी, एवढं मात्र कुणाला सुचलेलं नसतं.