हिराने लिहिलेला पाचवा अर्थ

शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आज सकाळी खिडकीतून आला आणि मला नववीचा वर्ग आठवला. नव्वद सालच्या आसपास मी पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. नेहमीच्या शब्दांचे निरनिराळे अर्थ मी फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलांनी ते तसेच पाठ करायचे, अशी माझी शिस्त होती.

‘कॅच’ या शब्दाचे मी चार अर्थ दिले होते: पकडणे, झेलणे, गाठणे, नीट ऐकू येणे. कोळीवाड्यातल्या हिराने चाचणीच्या वहीत पाचवा लिहिला, ‘जाळ्यात आलेली सगळी मासळी’. मी तिला उभं केलं.

“हा कुठून आणलास?”

“सर, बाबा बंदरावर कामाला हाय. तिथला सायेब बोटवाल्यांना ‘आज कॅच किती’ असाच इचारतो.”

“मग उद्यापासून साहेबालाच शिकवायला बोलावतो. हा मासळीबाजार नाही.”

वर्ग हसला. ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

मधल्या सुट्टीत मी शब्दकोश उघडला. तिचा अर्थ तिथे होता. वही माझ्यापाशीच होती, पण लाल फुली मी तशीच राहू दिली. मास्तर चुकला हे पोरांना कशाला कळू द्यायचं, असं वाटलं. आज लिहून ठेवतो: हिराचं उत्तर बरोबर होतं आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं.

वार्षिक परीक्षेत तोच शब्द आला. हिराने माझे चार अर्थ माझ्याच क्रमाने लिहिले, पाचवा लिहिला नाही. मी तिला पूर्ण गुण दिले.