एक कार्ड कमी

माझ्या मुलीच्या टेबलावर कार्डांची एक लाकडी पेटी आहे. इथे जर्मनीत शाळांत शब्द असेच पाठ करतात. कार्डाच्या एका बाजूला परका शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्या. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून मराठीची कार्डं करायला घेतली, कारण डिसेंबरात आम्ही पुण्याला जाणार आहोत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं, आणि आजीला जर्मन येत नाही.

एका कार्डावर तिने रोमन लिपीत लिहिलं होतं: ‘पुण्या’. मागे जर्मनमध्ये: ‘आजीचं शहर’.

“हे काय गं?” मी विचारलं.

“तूच म्हणतोस ना? पुण्याला, पुण्यात, पुण्याहून.” ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली. “ला, त, हून काढून टाकलं की काय उरतं? पुण्या. लोगिश, साधं लॉजिक!”

स्वयंपाकघरातून बायको हसली. “अरे, बापाचंच डोकं आहे. नियम लावायचा आणि मोकळं व्हायचं.”

मीही हसलो, पण ते कार्ड हातात धरून बसून राहिलो. ही चूक मी ओळखत होतो. पंधरा वर्षांपूर्वी हुबेहूब हीच चूक मी केली होती, वेल्समध्ये. त्या चुकीवर मला हसले ते गृहस्थ मला तेव्हापासून हवेहवेसे वाटतात, आणि तिच्या पाठोपाठ मी जी दुसरी चूक केली, तिच्यामुळे मी त्यांना इतकी वर्षं साधा फोनही करू शकलो नव्हतो.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. पुण्यातली नोकरी सोडून मास्टर्स करायला वेल्सच्या उत्तरेला गेलो होतो. तिथे दुकानात, बसमध्ये, पोस्टात सगळीकडे वेल्श बोलतात. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर एक चिठ्ठी होती: अँग्लिकन धर्मप्रांताच्या कचेरीत जुनी कार्डं संगणकावर चढवायला माणूस हवा. मी गेलो. कचेरी म्हणजे कॅथीड्रलच्या मागे दोन खोल्या, एक हीटर, आणि भिंतभर ड्रॉवर. त्या ड्रॉवरांचे मालक म्हणावेत असे एक वयस्कर कारकून होते. साठी उलटलेले, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं, खिशात कायम दोन पेन्सिली. बिशप येतात आणि जातात, पण हे तिथे पस्तीस वर्षं होते. मी त्यांना मनात ‘काका’ म्हणायचो. तोंडाने मिस्टर म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला धर्मप्रांत समजावला. सर्वांत वर बिशप. त्यांच्या खाली आर्चडीकन. त्यांच्या खाली डीनरी, आणि डीनरीत पॅरिश, म्हणजे गाव आणि त्याचं चर्च.

“म्हणजे जिल्हा, तालुका आणि गाव,” मी म्हणालो.

“तुमच्याकडेही इंग्रजांनीच केलं का?”

“काही त्यांच्या आधीचंही आहे.”

“आमचंही,” ते खुशीत म्हणाले. “इंग्रज येण्याच्या पुष्कळ आधीचं.”

मग शनिवारी ते मला त्यांच्या छोट्या गाडीतून चर्चं दाखवायला न्यायला लागले. ते शनिवार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोजावेत असे होते. मेंढ्यांमधून जाणारी अरुंद वाट, शेजारच्या शेतघरात खिळ्याला अडकवलेली वीतभर किल्ली, आत ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास. बाहेर येऊन आम्ही भिंतीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचो आणि मनुका घातलेला पाव खायचो. जुन्या चर्चांच्या आवाराची भिंत गोल असते, हे त्यांनीच दाखवलं. “एखादा साधू यायचा, फांद्या विणून गोल कुंपण घालायचा, आत झोपडी बांधायचा. कुंपणाला आम्ही ‘ल्लान’ म्हणतो. आधी कुंपण, मग चर्च, मग गाव, आणि सर्वांत शेवटी बिशपची कचेरी. लोकांना वाटतं उलटं आहे.” पुढे शेकडो वर्षं इंग्रज बिशप आले, त्यांतल्या कित्येकांना वेल्शचं अक्षर येत नव्हतं. लोक प्रवचनात बसून राहायचे आणि घरी जाऊन आपल्या भाषेतलं बायबल वाचायचे. काकांच्या आजोबांच्या काळात तिथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं. हे सगळं ते अशा सुरात सांगायचे की वाटावं, मागच्या आठवड्यात त्यांच्याच टेबलावरून गेलेले कागद आहेत.

‘ल्लान’मधला तो पहिला वर्ण मला कधी धड जमला नाही. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि नुसती हवा सोडायची. मी बदल्यात त्यांना ‘ळ’ दिला. ते महिनाभर गाडी चालवताना “केळं, बाळ, काळं” म्हणत होते.

आता माझी पहिली चूक. गावांची नावं बहुतेक ‘ल्लान’ने सुरू होतात आणि पुढे संताचं नाव. मला तक्त्यात संतांचा वेगळा रकाना हवा होता. मी कुणालाही न विचारता सगळ्या नावांतून ‘ल्लान’ कापून टाकलं. उरले संत वाइर, संत बेडर, संत विहांगेल. यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मग इतके हसले की शेजारच्या खोलीतून माणूस बघायला आला.

“तीन नवे संत! आणि एका दुपारीत! रोमला कळवा रे कुणीतरी!”

मग त्यांनी सांगितलं. वेल्शमध्ये आधी कोणता शब्द आला यावर पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. माइर म्हणजे मेरी, पण ल्लाननंतर आली की ती वाइर होते. पेडर म्हणजे पीटर, तो बेडर होतो; मिहांगेल म्हणजे मायकेल, तो विहांगेल होतो. “आता माझंच बघ. मुलगा म्हणजे ‘बाखगेन’. पण मी तुला ‘माझ्या मुला’ म्हणून हाक मारतो तेव्हा काय म्हणतो?”

“व माखगेन ई.” ते रोज तसंच म्हणायचे.

“बघ. माझा झालास की ‘ब’चा ‘म’ झाला.”

मी मराठी माणूस. पुणे पुण्याला होतं, घोडा घोड्यावर होतो. मला हे न विचारता कळायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेतून दुसरी चूक झाली.

एकाच चर्चची अनेक कार्डं होती. जुनी, नवी, कधी वेल्श नावाने, कधी इंग्रजी, कधी बदललेल्या अक्षराने. ती एकत्र करायला मी नियम लिहिला: डीनरी एक, नावाचा पहिला शब्द एक, संत एक, तर चर्च एक. आता मला अक्षरांचं सगळं समजलं आहे अशा तोऱ्यात मी तो चालवला. पण एका डीनरीत दोन ल्लानवाइर होती. एक बाजाराच्या गावात, मोठं. दुसरं समुद्राच्या टोकावर, लहानसं. तिथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वेल्शमध्ये एकच प्रार्थना व्हायची. दोन्ही माइरची. वेगळेपण फक्त शेपटीच्या, म्हणजे नावाच्या शेवटी जोडलेल्या शब्दात होतं, आणि शेपटी माझ्या नियमात नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते छापील यादीवर पेन्सिल टेकवत ओठांत मोजत होते. “एक कमी भरतंय,” ते म्हणाले.

“डुप्लिकेट काढलेत मी.”

“नाही, त्या डीनरीत. माझ्या डोक्यात एक जास्त आहे.”

मी यादी तपासायला हवी होती. पाच मिनिटांचं काम होतं. पण नुकतंच माझं हसं झालं होतं. मी म्हणालो, “कॉम्प्युटर चुकत नाही. डोकं चुकू शकतं.”

ते म्हणाले, “असेल. डोकं जुनं झालं,” आणि पेन्सिल खिशात ठेवली.

त्याच सुमारास पाद्री कमी पडत होते म्हणून छोटी पॅरिश जोडून मोठे गट करण्याचं काम चाललं होतं. कोणत्या रविवारी कोण कुठे जाणार, हे सगळं आता माझ्या यादीवरून ठरायचं. ऑक्टोबरात तिकडे पिकांसाठी आभार मानायची प्रार्थना असते. टोकावरच्या त्या चर्चमध्ये पाच-सहा म्हाताऱ्या बायका सफरचंदं, सलगम, पावाचे लोफ घेऊन आल्या, वेदीपुढे मांडून बसल्या. पाद्री आला नाही. कोणी येणारच नव्हतं, कारण यादीप्रमाणे ते चर्चच नव्हतं. दीड तासाने त्यांनी आपल्याआपण दोन गाणी म्हटली आणि कुलूप लावून घरी गेल्या.

सोमवारी सकाळी फोन आला. मी समोरच बसलो होतो. काका वेल्शमध्ये बोलत होते, मला फारसं कळत नव्हतं. पण गावाचं नाव कळलं, शेपटीसकट. शेवटी ते उभे राहिले, फोनवर असूनही, आणि म्हणाले, “व माइ ई. व माइ ई.”

‘बाइ’ म्हणजे दोष. तोवर मला तेवढं येत होतं. स्वतःचा म्हटला की त्याचंही अक्षर बदलतं. ते म्हणत होते, माझा दोष.

फोन ठेवून ते म्हणाले, “कार्ड माझ्याकडूनच कुठे तरी गेलं असणार. तुझ्यापर्यंत आलंच नसेल.”

ते माझ्यापर्यंत आलं होतं. माझ्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होतं, ‘डुप्लिकेट’ लिहिलेल्या पाकिटात. मी ते त्या संध्याकाळी गुपचूप काढून त्यांच्या ड्रॉवरमध्ये सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ते तिथे सापडलं, आणि हे आणखी वाईट झालं. “बघ, इथेच होतं. दहा वेळा पाहिलं असेल मी इथे.” यादीत चर्च परत आलं. पण काका बदलले. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायला लागले, चर्चची किल्ली जागेवर अडकवायला विसरलो का म्हणून अर्ध्या वाटेवरून गाडी वळवायला लागले. ख्रिसमसच्या आधी त्यांनी सांगितलं की पासष्टपर्यंतची दोन वर्षं थांबत नाही, आताच निवृत्त होतो. “डोकं साथ देईना, माखगेन ई. लोकांना पुन्हा कुलूप लावून घरी जावं लागायला नको.” मी त्यांच्या निरोपाच्या चहाला केक आणला होता. छान भाषण केलं. मग मला इथे जर्मनीत नोकरी लागली, वाल्डॉर्फजवळ, आणि मी आजही डेटाबेसच सांभाळतो. नोंदी पुसण्याआधी मी तीनदा बघतो. लोक मला काटेकोर म्हणतात.

‘पुण्या’चं कार्ड पाहिल्यावर दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, मी त्यांच्या जुन्या नंबरावर फोन लावला. त्यांनीच उचलला. आवाज बारीक झालेला, पण तोच. मी नाव सांगितलं.

“केळं, बाळ, काळं,” ते म्हणाले. “माखगेन ई! कुठे आहेस?”

मी आधी मुलीच्या कार्डाची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. ‘संत पुण्या’ म्हणाले. मग मी दुसरं सांगितलं. यादी, नियम, पाकीट, ड्रॉवर. शेवटी म्हणालो, “तुमच्या डोक्यातली मोजणी बरोबर होती. एकही कमी नव्हतं. कमी मी केलं होतं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दोन वर्षं,” ते म्हणाले. “ती दोन वर्षं मला आवडली असती.”

मी सॉरी म्हणालो. तो शब्द फार लहान वाटला.

“त्या बायकांतल्या दोघीच राहिल्यात आता. आणि मी. मी पंधरा वर्षं समजतोय की माझ्या डोक्यात भोक पडलंय. दर वाढदिवसाला वाटायचं, आता मोठं होणार.” त्यांच्या आवाजात राग होता. त्यांना रागावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. “तोंडी नको सांगूस. लिही. कार्डावर. वर गावाचं नाव, पूर्ण, शेपटीसकट. खाली डीनरी. मग काय झालं ते, आणि कुणी केलं ते. कचेरीला पाठव. ड्रॉवर अजून तिथेच आहेत. दोन ल्लानवाइरच्या मधे लावायला सांग.”

“लिहितो.”

“आणि मुलीला नीट सांग. पुणे काय ते.” फोन ठेवला. या वेळी ‘माखगेन ई’ म्हणाले नाहीत.

मी मुलीच्या पेटीतून एक कोरं कार्ड मागून घेतलं. तिने आधी तिच्या ‘पुण्या’वर रेघ मारून घेतली. मी सांगितलं तसं खाली लिहिलं: पुणे, पुण्याला, पुण्यात. मग माझ्या खांद्यावरून डोकावायला लागली. मी गावाचं नाव लिहिलं, शेपटीसकट, डीनरी लिहिली, आणि इंग्रजीत पाच ओळी: मी काय केलं, कार्ड कोणत्या ड्रॉवरमध्ये होतं, आणि कारकुनांची मोजणी बरोबर होती हे. त्याखाली माझं नाव. शेवटची ओळ वेल्शमध्ये लिहिली.

“माइ?” तिने वाचलं. जर्मनमध्ये ‘माइ’ म्हणजे मे महिना. “मे मध्ये काय झालं, बाबा?”

“मे नाही. हा शब्द खरा ‘बाइ’ आहे. पण माझा म्हटलं की पहिलं अक्षर बदलतं.”

“पुण्यासारखं?”

“पुण्यासारखं.”

“आणि त्याचा अर्थ काय?”

बायको दारात येऊन उभी होती. पंधरा वर्षांत तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. मी दोघींना बसायला सांगितलं.