झेंडू गिळलेली मोटार

"हार वढा मास्तर! आधी त्यो हार वढा, गिळतंय त्ये!"

दादू मिस्त्री हँडल फिरवता फिरवता असा ओरडला, की पाथर्डीच्या बाजारातली गाढवं थेट तिसगावात जाऊन थांबली म्हणतात. पण उशीर झाला होता. खंडेनवमीची ती सकाळ, झेंडूचा तो उग्र, किंचित कडवट गंध आणि त्यात मिसळलेला पेट्रोलचा दर्प! डोळ्यांदेखत माझ्या मोटारीनं इंजिनावर घातलेला वीतभर हार गिळला, गुदमरून एक प्रचंड शिंक दिली आणि केशरी पाकळ्यांची अशी काही पुष्पवृष्टी केली, की इंद्रसभेतसुद्धा इतकी मुक्तहस्त उधळण झाली नसेल.

दोष कुणाला द्यावा? खंडेनवमीला आपण नांगराला, करवतीला, न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही हार घालतो. ही सारी हत्यारं मुकाट्यानं पूजा करून घेतात. पण जे हत्यार श्वास घेतं, त्याच्या नाकातोंडावर झेंडू बांधू नये, हे कुठल्या पोथीत लिहिलं आहे? मिस्त्री मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, "देवाला समदेच हार घालत्यात, मास्तर. पर देव हार गिळत न्हाई."

मोटार मी नगरच्या लष्करी लिलावात घेतलेली. विकणाऱ्यानं सांगितलं, हिच्यात एक गोरा कप्तान बसायचा. मी गावात सांगितलं, गव्हर्नर बसायचा. आणि वर्ष सरता सरता हिच्यात प्रत्यक्ष विलायतेची राणी बसून गेली होती. तिचा मूळचा कार्बोरेटर, हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला घास भरवणारा तो ठेंगणा आचारी, झिजून निकामी झाला होता. विलायती वस्तू, नवी मिळणं दुरापास्त, आणि मिळालीच तर मास्तराच्या खिशाला झेपणं त्याहून दुरापास्त. तेव्हा विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दादूनं शक्कल काढली. भंगारातून फटफट्यांचे दोन कार्बोरेटर आणले, एक दूधवाल्याच्या फटफटीचा आणि एक फौजदाराच्या फटफटीचा. पंपाच्या पाइपाचे तुकडे जोडून त्यानं दोघांना इंजिनाच्या कुशीत बसवलं, दोन-दोन सिलिंडर वाटून दिले आणि दोघांच्या तारा, बैलजोडीचे कासरे एका मुठीत धरावेत तशा, एकाच पेडलला बांधल्या.

आणि हे सारं कशासाठी? तर शालिनीसाठी. माझी पत्नीही शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिची श्रीगोंद्याला बदली झाली. आरंभी ती दर शनिवारी यायची. मग एकाआड एक शनिवार, मग महिन्याकाठी, आणि पुढं पुढं केवळ सणावारी. नगरला गाडी बदलावी लागते, दुसरी वेळेवर मिळत नाही, सारा जीव शिणतो, असं मीच मला समजावत असे. त्या काळात एसटीला मी जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या पावसाला अख्ख्या तालुक्यानंही दिल्या नसतील!

एकाकी घराचं एक विलक्षण असतं, वाचका. माणूस मोठ्यानं बोलतो आणि घर ऐकून घेत नाही. वर्गात, पारावर, हॉटेलात मी शब्दांचे मनोरे रचायचो, लोक पोट धरून हसायचे. आणि कुलूप काढून आत पाऊल टाकलं की माझाच आवाज भिंतींवरून परका होऊन परतायचा. दसरा सरला की आमच्या भागातली माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघतात, गावंच्या गावं निर्मनुष्य होतात. पण ती माणसं उन्हाळ्यात परत येतात, हे चुलीलाही ठाऊक असतं. माझ्या चुलीला काय ठाऊक होतं? म्हणून मी निश्चय केला, दसऱ्याला मोटार घेऊन जायचं, तिला घेऊन यायचं; आणि एकदा का मोटार चालली, की दर शनिवार आमचा!

तर त्या खंडेनवमीला दिवसभर आम्ही पाकळ्या उपसत बसलो. हळदकुंकू तर बारीक छिद्रांत असं रुतलं होतं, की जणू यंत्राचं लग्नच लागलं होतं. सारं स्वच्छ झाल्यावर मिस्त्रीनं रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आळीपाळीनं दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी धरलं आणि डोळे मिटून दोघांचा श्वास ऐकू लागला. एक फुसफुसे, दुसरा घोरे. तो एकाचा स्क्रू पिळी, दुसऱ्याचा सैल करी. दोघं सारखंच हुंकारले पाहिजेत. एकानं जास्त ओढलं की दुसऱ्याचे सिलिंडर उपाशी राहतात, असं त्यानं मला समजावलं. मी मान डोलावली. किती सुबोध तत्त्वज्ञान! भिन्न घरांतून आलेले दोन जीव, एकाच पेडलला बांधलेले, आणि त्यांचे श्वास जुळवायला कुणी तरी कान लावून बसलेलं. त्या रात्री मला हर्षानं झोप लागली नाही.

दसऱ्याच्या पहाटे निघालो. करंजीच्या घाटात मोटार अशी काही गर्जली, की कोल्हे बिळं सोडून नमस्काराला बाहेर आले. नगर ओलांडलं, आणि ऊन चढता चढता, दुतर्फा उभ्या हिरव्यागार उसामधून, मी श्रीगोंद्यात तिच्या खोलीपुढं विजयी सेनापतीसारखा येऊन थांबलो.

शालिनी दारात आली. माझ्या आठवणीतल्या तिच्यापेक्षा ती किंचित भरलेली, निवलेली दिसली. मागं खोली दिसत होती: खिडकीत तुळशीची कुंडी, खाटेवर पालथं घातलेलं अर्धवट वाचलेलं पुस्तक, एक ताट, एक पेला. मी गाडीतूनच सुरू झालो. झेंडू, शिंक, घाट, कोल्हे. वाटेत मी त्यांचे लांडगे करून टाकले होते. आता एसटीची कटकट संपली, दर शनिवारी दारात मोटार, सोमवारी पहाटे पुन्हा शाळेत! चल, बस!

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आधी ते इंजिन बंद करा."

मी बंद केलं. आणि एकाएकी त्या गल्लीतली नीरवता माझ्याभोवती उतरली. कुठंतरी एक चिमणी, कुणाच्या तरी अंगणात झाडू, इतकंच. इतक्या वर्षांत तिच्या शेजारी उभं राहून असं काही ऐकल्याचं मला स्मरेना. किती बोलत असेन मी? मौनालाही स्वतःचा म्हणून एक गंध असतो का? मी विचारलं, अगदी हळू आवाजात, माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही: एसटीचा त्रास होता म्हणूनच येत नव्हतीस ना?

तिनं मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एसटीचं काही नाही हो," ती म्हणाली. "इथं शांत असतं."