मिशीवाल्या माशांचे नाना

आमच्या घरमालक नानांइतका सोयरिकीचा चिकित्सक माणूस अख्ख्या जळगावात सापडणार नाही. ही चिकित्सा त्यांनी पोटच्या लेकींच्या लग्नात केली नसेल एवढी माशांसाठी केली. डाळमिलमधून निवृत्त झालेली माणसं देवळात जाऊन बसतात. नाना काचेच्या टाकीपुढे स्टूल टाकून बसले. टाकीत त्यांचे लाडके कोरीडोरास, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे, तळाशी नाक खुपसत हिंडणारे, तोंडाला मिशा असलेले मासे. नाना त्यांना नुसतं कोरी म्हणत. मी सावंतवाडीकडची, मासळी खाऊन वाढलेली, आठवीतच शाळा सुटलेली, नवऱ्याच्या पाइप कंपनीतल्या नोकरीपायी इतक्या लांब येऊन पडलेली. पहिल्याच दिवशी टाकीपुढे जरा रेंगाळले, तर नाना बायकोला, अक्कांना, म्हणाले, "हिच्या नजरमा मसाला शे. ध्यान ठेव."

टोकदार खडीनं कोरींच्या मिशा झिजतात, म्हणून त्यांनी दुकानातली रंगीत खडी फेकून गिरणा नदीची बारीक वाळू आणली. चाळली, धुतली, वाळवली आणि मग चिमूट चिमूट आपल्या गालावर घासून पाहिली. "आता पावडर लावायचं वय आहे का?" अक्का म्हणाल्या. नानांनी स्वतःची पांढरी मिशी कुरवाळली. "जेले मिशी शे, तेलेच मिशीची कदर." शेजारी कोणते मासे ठेवायचे याची चौकशी तर रीतसर चाले: तोंड केवढं, स्वभाव कसा, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालतो का? निऑन टेट्रा पास झाले, 'गरीब घरातले' म्हणून. एका जुन्या सोबत्यानं कौतुकानं आणलेला दांडगा ऑस्कर मात्र बादलीत घालून रिक्षानं परत गेला. "कोरीच्या पंखाला काटा असतो," नानांनी त्याला फोनवर समजावलं, "तुझा पठ्ठ्या गिळायला जाईल, काटा घशात अडकेल, दोघंही जातील. सोयरीक मोडली!" कोणी म्हणालं की हे मासे वरच्यांचं उष्टं खाऊनच जगतात, तर नाना लालबुंद. खालच्यांसाठी तळाला जाणाऱ्या गोळ्यांचं वेगळं ताट वाढल्याशिवाय ते स्वतः जेवत नसत.

आणि कोरी सहापेक्षा कमी नाहीत, हा त्यांचा कायदा. "एकटा कोरी कोपऱ्यात बसतो, नीट खात नाही," असं दुकानदाराला सांगताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं असावं. नवऱ्याला तेव्हा रात्रपाळी असे. मी खोलीत एकटीच दोन घास गिळायची. त्या संध्याकाळपासून माझं ताट अक्कांच्या स्वयंपाकघरात पडायला लागलं.

दुकानदारानं बजावलं होतं, "नाना, जळगावचा मे काढणार नाहीत हे." नानांनी टाकीवर पंखा बसवला, खिडकीला वाळ्याचे पडदे लावले. नेमकं मे महिन्यातच धुळ्याला पुतण्याचं लग्न निघालं. अक्कांनी नानांना ओढून नेलं, टाकी माझ्यावर सोपवून. मी मुळातच घाबरट. त्यात भर दुपारी लाईट गेली, पंखा बंद. टाकीत बोट घातलं तर पाणी कोमट. अधूनमधून वर येऊन हवा घेणं ही कोरींची सवयच. पण आता सहाही जण सारखे वर धावत होते. मी नानांना फोन लावला. मागे बँडचा दणदणाट.

"बठ्ठा शेतस ना?" नानांनी आधी तेच विचारलं.

"सगळे आहेत, पण सारखे वर येतायत! पाणी तापलंय!"

"रडू नको. टाकीतलं थोडं गरम पाणी काढ, माठातलं घाल. तांब्या-तांब्यानं. एकदम नको!"

"नाना, काही झालं तर?"

"मी शे ना! ओत तू!"

दिवस मावळेपर्यंत मी तांब्या ओतत होते. हळूहळू ते तळाशी बसले. सकाळी पाहते तर काचेवर बारीक पांढरे मणी चिकटलेले! रोगच आला, अशी माझी खात्री. पुन्हा फोन. "नाना, काचेवर साबुदाणा लागलाय..."

पलीकडून अशी आरोळी, की मांडवातली माणसं घाबरली असतील. "पोरी, अंडी शेतस ती! गार पाण्यानं त्यांना वाटलं, पाऊस पडला!"

पंगत सोडून नाना पहिल्या एसटीनं आले. आईबापच अंडी खाऊन टाकतात, म्हणून एकेक अंडं काचेवरून अलगद सोडवून वेगळ्या टबात ठेवलं. काही बुरशीनं गेली, पण बरीच फुटली आणि केसाएवढी पिल्लं वळवळायला लागली. नानांनी गल्लीभर पेढे वाटले. दुकानदाराला दोन जास्त दिले. "मे काढला, वर बाळंतपणही केलं! आणि कोणी केलं? सावंतवाडीच्या पोरीनं. हिच्या नजरमा मसाला नव्हता, मीच चुकलो!" आठवीनंतर माझं कौतुक कोणी चारचौघांत असं केलं नव्हतं.

पुढे नवऱ्याला धुळ्याकडे नरडाण्याला काम लागलं. निघताना नानांनी गिरणेच्या वाळूची पिशवी आणि पिल्लांतली सहा मोजून दिली. अक्का म्हणाल्या, "एवढीशी खोली, दोन पुरेत की." नाना ऐकतात थोडेच!

इथं ओळखीचं कोणी नाही. संध्याकाळी फोन येतो. "बठ्ठा शेतस ना?" मी टाकीकडे बघून सांगते, सगळे आहेत, जेवले. नाना फोन ठेवत नाहीत. मग हळूच विचारतात, "आन् तू? जेवलीस का?"