डबा एसटीत, माणूस रस्त्यावर

माझ्या मारेगावच्या दुकानात कापूस तोलणाऱ्या माणसाची पोलीस भरतीची ही शेवटची संधी. तोलतानाही तो टाचा उचलत असतो. सरावाला वेळ नाही, म्हणून सकाळी डबा कंडक्टरच्या हवाली करून फाट्यावर उतरतो आणि कोळशाच्या ट्रकांच्या कडेने पळत दुकानात येतो. काम मी शिकवलं आणि हा मला सोडून जायला पळतो, याचा मला राग आहे.

काल डबा आला, तो आलाच नाही. मी मोटारसायकल काढली. पुढे तो लंगडत पळताना दिसला.

"पाय मोडला का बे? बस मांगं!"

"नाई शेठ. आज थांबलो तं मैदानातबी थांबन."

शिव्या देत मी गाडी वळवली आणि त्याच्या उजव्या अंगाला, ट्रकांच्या बाजूने, हळूहळू चालवत राहिलो.